सोलापूरच्या माळावर तीन सकाळी

मोज्यांपासून सुरुवात करते, कारण माझी सगळी फजिती तिथूनच सुरू झाली. डिसेंबरात नान्नजच्या माळावर जाणार असाल तर लोकरीचे किंवा जाड सुती मोजे घालू नका. मी घातले होते. पहिल्या दिवशी साडेनऊला गाडीपाशी परत आले तेव्हा घोट्यापासून पोटरीपर्यंत कुसळांची झालर लागलेली. पुढचा पाऊण तास मी दगडावर बसून भुवयांच्या चिमट्याने एकेक कुसळ उपटत होते, आणि मामा शेजारी उभे राहून शेंगा फोडत मजा बघत होते.

शेवटी त्यांनाच दया आली. एक कुसळ त्यांनी तळहातावर ठेवलं आणि बोटाने जरा थुंकी लावली. "आता बघ." बियाची ती लांब काळपट शेपटी सुतळीसारखी पिळलेली होती. ओल लागताच पीळ सुटायला लागला, शेपटी सावकाश गोल फिरली आणि टोकदार बी मामांच्या हातावर खरोखर रुतायला लागलं. लहानपणी ते आणि त्यांचे भाऊ याची शर्यत लावायचे म्हणे. रात्री दव पडलं की पीळ सुटतो, दिवसा ऊन लागलं की पुन्हा बसतो, आणि असं करत करत कुसळीचं बी स्वतःला मातीत गाडून घेतं. वर राहिलं तर मुंग्या, पाखरं, वणवा. आत गेलं तर जूनपर्यंत निवांत.

लिहायचं होतं प्राण्यांबद्दल आणि घसरले गवताच्या बियांवर. पण माळावर ही दोन प्रकरणं वेगळी करताच येत नाहीत. गवत कोवळं कधी, टोचरं कधी आणि नुसता वाळका काडा कधी, यावर तिथला प्रत्येक प्राणी आपलं वर्ष बेततो. कुसळ पिकलं की धनगरसुद्धा मेंढरं दुसरीकडे वळवतो, कारण ते लोकरीतून कातड्यात जातं आणि जनावराच्या तोंडात टोचतं.

माझं आजोळ सोलापूर. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत आणि त्यातली बरीच वर्षं त्यांनी सोलापूर-बार्शी मार्गावर काढली. नान्नज, वडाळा, वैराग ही नावं ते अजूनही बेल मारल्यासारखी एका दमात म्हणतात. "इतकी वर्षं याच रस्त्यानं गेलो, माळावर काय असतंय ते बघितलंच नाही. आपलं लक्ष डोकी मोजण्यात." म्हणून या वेळी त्यांना बरोबर घेतलं.

कसं जायचं

पुणे ते सोलापूर रस्त्याने अडीचशे किलोमीटर. मुंबईहून येणाऱ्यांना रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची, सकाळी सोलापुरात उतरवते. सोलापूरहून नान्नज बार्शी रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटर. एसटी मिळते, पण प्राणी बघायची वेळ उजाडतानाची आणि गावाच्या थांब्यापासून माळ लांब, त्यामुळे स्वतःची गाडी किंवा ठरवलेली रिक्षा हवीच. इथल्या माळढोक अभयारण्यात जायची परवानगी आणि बरोबर येणारा माणूस याबद्दल वनखात्याच्या कार्यालयात आदल्या दिवशी विचारून ठेवा. शुल्क आणि वेळा बदलतात, म्हणून मी इथे लिहीत नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, तेव्हा शहरात लॉज मिळणं कठीण. डिसेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम: थंडी सोसवते, गवत सोनेरी झालेलं असतं आणि हुरडाही सुरू होण्याच्या बेतात असतो.

पुण्याकडून येत असाल तर वाटेत झोपू नका. भिगवण सोडलं की खिडकीतून बघत राहा. झाडं बुटकी होत जातात, पानं बारीक होतात, काटे वाढतात. वड-आंबा मागे पडून बाभूळ, हिवर, बोर, तरवड सुरू होतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत पूर्वेला जेमतेम अडीचशे किलोमीटरवर सोलापूर जिल्हा, सरासरी साडेपाचशेच्या आसपास. अरबी समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीवर चढताना रिते होतात, आपल्याकडे उरलेलं येतं.

पाऊस दहापट घटला म्हणून प्राणी दहापट घटत नाहीत. त्यांची जातकुळी बदलते. शेकरूला फांदीला फांदी भिडलेलं रान लागतं, ते घाटातच थांबतं. गवा, सांबर, भेकर यांना आडोसा आणि बारमाही ओल लागते. इकडे त्या जागी काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, तरस. झाडावर चढणारे कमी, पळणारे आणि बिळात राहणारे जास्त.

सरासरीवर मात्र फार विसंबू नका. सोलापूरला सप्टेंबर हा सगळ्यात पावसाचा महिना, तोही वळवासारखा गडगडाटी. एखाद्या वर्षी आठवड्यात निम्मा पाऊस पडून जातो, एखाद्या वर्षी येतच नाही. 1972 चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्यांना तारखेनिशी आठवतो. इथे टिकलेल्या प्राण्याला चांगल्या वर्षाचा फायदा उठवता यायला हवाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाईट वर्ष काढता यायला हवं.

पहिली सकाळ: काळविटं

सव्वासहाला माळावर होतो. सोलापूर म्हणजे ऊन एवढंच डोक्यात असेल तर फसाल, डिसेंबरात पहाटे बोटं गारठतात. निरीक्षण मनोऱ्यावर चढलो तेव्हा सगळा माळ राखाडी होता. सूर्य आला आणि राखाडीचा पिवळा झाला, आणि त्या पिवळ्यात इतका वेळ दगड वाटलेल्या वस्तूंनी माना वर केल्या. मामांनी सवयीने मोजायला सुरुवात केली. "छत्तीस. दोन फुल, बाकी सगळे हाफ." फुल म्हणजे काळे नर, हाफ म्हणजे माद्या आणि पोरं.

पीळदार शिंगांचा मोठा नर मान मागे टाकून, शिंगं पाठीला टेकवून, शेपटी उचलून माद्यांभोवती असा चालत होता की मामांना गावातल्या एका माजी सरपंचाची आठवण झाली. काळविटांची वीण वर्षभर चालते, पण पावसाळ्याअखेरीस आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये जोर असतो. गर्भ साधारण सहा महिन्यांचा, पाडस एकच. जन्मल्यावर पहिले काही दिवस ते आईबरोबर हिंडत नाही, गवतात निपचित पडून राहतं आणि आई लांब उभी राहते. म्हणजे गवत पाडस झाकेल एवढं उंच हवं, पण कळपाला लांबचं दिसणार नाही इतकं दाटही नको. चराई जास्त झाली की पहिली गोष्ट जाते आणि मोकाट कुत्र्यांचं फावतं. झाडं लावली की दुसरी जाते.

उघड्यावर लपायला जागा नाही, म्हणून डोळे वाढवायचे. कळपाचं गणित एवढंच. छत्तीस जणांत कोणीतरी एक नेहमी वर बघत असतो. आणि पाय वाढवायचे: काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळतं. लांडग्यासाठी एवढ्या वेगाची गरज नाही. हा वेग चित्त्याच्या काळातला. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं 1952 मध्ये जाहीर झालं. त्याआधी कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते काळविटांवर सोडले जायचे. मारेकरी गेला, पळण्याची तयारी तेवढी मागे राहिली.

खाली उतरल्यावर बरोबरच्या वनमजुराने एक जागा दाखवली. मोठ्या ताटाएवढी, लेंड्यांचा थर साचलेली, कडेच्या जुन्या पांढुरक्या आणि मधल्या ताज्या काळ्याभोर. नर रोज येऊन त्याच जागी हद्द पक्की करतो. मी काडीने एक सुकी लेंडी फोडली. आत गवताचा भुसा आणि वेड्या बाभळीचं एक सबंध, चकचकीत बी. उन्हाळ्यात गवतात काही उरत नाही, तेव्हा काळवीट वेड्या बाभळीच्या गोड शेंगा खातं. बी पोटातून न दुखावता बाहेर पडतं, तेही आयत्या खतासकट. वाईट वर्ष निभावायला मदत करणारं झाड काळवीट स्वतःच पेरतं, आणि ते झाड वाढलं की काळविटाचा उघडा माळ झाकून टाकतं. ती लेंडी हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. मामांनी विचारलं, "तिकीट सापडलं का काय?"

इथे एक सांगते. फोनच्या कॅमेऱ्याने माळावर काही हाती लागत नाही, उघड्यावर प्राणी तुम्हाला अर्धा किलोमीटर आधी बघतो. आठ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण आणा. गाडीत असाल तर इंजिन बंद करून आतच बसा. काळवीट गाडीला फार भीत नाही, गाडीतून उतरलेल्या दोन पायांना भितं. आणि गवतात गाडी घालू नका, ते चाकोरीचे वळ पुढची कित्येक वर्षं दिसत राहतात.

माती

दुसरी सकाळ जमिनीकडे बघण्यात गेली आणि माझ्या मते तीच सगळ्यात चांगली.

दख्खनच्या काळ्या दगडावरचा हा प्रदेश. उंचवट्यावर मातीचा थर वीतभर, खाली मुरूम. उतरून ओढ्याकाठी, नदीकाठी गेलं की तीच काळी माती पुरुषभर खोल. पाऊस एकच, पण मुरमावरून तो वाहून जातो आणि काळ्या मातीत मुरून राहतो. म्हणून वर गवत आणि खाली मालदांडी ज्वारी, जी सप्टेंबरच्या ओलीवर, वरून थेंबही न घेता पिकते. प्राण्यांचं वाटपही याच रेषेवर झालंय.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा. मऊ केसांचा एक लहान शेतउंदीर या आयत्या भेगांतच राहतो, त्याला बीळ खणावं लागत नाही. पावसात माती फुगली की भेगा मिटतात, घर मोडतं. त्याची संख्या पाऊसपाण्याप्रमाणे वर-खाली होते त्यामागे हेही एक कारण. दुसरा एक उंदीर, लांब शेपटीचा, शेपटीच्या टोकाला केसांचा गोंडा, मोठाल्या डोळ्यांचा आणि उड्या मारत पळणारा, तो मात्र हलकी, निचऱ्याची जमीन शोधतो, कारण तो खणतो. दिवसभर आत, रात्री बाहेर. जमिनीचा वरचा थर भाजत असताना हात-दीड हात खाली दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ मिटलेला असतो आणि श्वासातली वाफ बिळातच कोंडून राहते. पाणी पिण्याची त्याला फारशी गरजच पडत नाही. एक ग्रॅम पिष्ट शरीरात जळलं की अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त पाणी तयार होतं. आपल्यातही होतं, पण आपण ते घामात आणि लघवीत उधळतो. हा उंदीर लघवी इतकी दाट करतो की पाणी बाहेर जातच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे गवताचं बी हेच त्याचं जेवण आणि तेच त्याचं पाणी.

आणि हे उंदीर म्हणजे खोकडाची भाकरी. कोल्हा वेगळा, खोकड वेगळं, हे मला त्या दिवशी मामांना तीनदा सांगावं लागलं. कोल्हा मोठा, गावाच्या कडेने, उसात, उकिरड्यावर भागवणारा. खोकड मांजराहून थोडं मोठं, दोन-तीन किलोचं, झुपकेदार शेपटीचं टोक काळं, कान अंगाच्या मानाने मोठे. त्या कानांतून अंगातली उष्णता बाहेर पडते आणि गवताखालची खसखसही ऐकू येते. उंदीर, वाळवी, नाकतोडे, बोरं, सगळं चालतं. मुरमाच्या चढावर आम्हाला त्याची घळ सापडली. एकाला एक जोडलेली पाच-सहा तोंडं, बाहेर नाकतोड्यांचे पाय आणि बोराच्या आठळ्या. मामा वाकून आत हात घालणार एवढ्यात वनमजूर ओरडला. बरोबरच ओरडला, अशा बिळांतून घोणसही राहते. घळ दिसली तर दोन मिनिटांत तिथून निघा. जागा कोणाला सांगू नका, फोटोबरोबर नकाशावर तर मुळीच टाकू नका.

रानावनाबद्दल लिहिणारे मारुती चितमपल्ली 1932 साली सोलापुरातच जन्मले आणि 2025 च्या जूनमध्ये इथेच गेले. रानातल्या लोकांच्या तोंडची नावं त्यांनी आयुष्यभर जमवली. सोलापुरी माणूस कोल्ह्याला आणि खोकडाला एकाच नावाने हाक मारतो हे बघून त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे.

लांडगा, जो मी पाहिला नाही

नऊच्या सुमारास एक धनगर भेटले. शंभरेक मेंढरं, दोन घोडी, एका घोडीवर कोंबड्यांची डालगी आणि डालगीवर एक पोर. "काय शोधूलालाव ताई?" मी म्हटलं, लांडगा. ते हसले. "आम्ही तर तो दिसू नये म्हणून हिंडतो." मग तंबाखू मळत बसून बोलले. वर्षाला एखाद-दुसरं कोकरू जातं. राग येतो, पण त्याहून जास्त त्रास गावच्या मोकाट कुत्र्यांचा. "लांडगा एक नेतो आन् जातो. कुत्री धा फाडतेत आन् एक बी खात नाहीत." कुत्र्यांचं आणखी एक दुखणं असतं. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसून आलं आहे.

इकडचा लांडगा वीस-बावीस किलोचा, सडपातळ, लांब पायांचा, विरळ केसांचा. उत्तरेच्या बर्फातला त्याचा भाऊबंद चाळीस किलोच्या पुढे जातो. थंडीत मोठं अंग ऊब धरून ठेवतं, उन्हात लहान अंग लवकर निवतं, आणि लहान अंगाला खायलाही कमी लागतं. इथे हरणं थोडी, म्हणून शेळ्या-मेंढ्या, ससे, उंदीर, मेलेली जनावरं, सगळ्यावर तो भागवतो. पिल्लं थंडीत होतात, म्हणजे तुम्ही जाल त्याच दिवसांत. तेव्हा मुरमाच्या कपारींपासून लांब राहा.

आता माझी तक्रार. मी गुडघ्यावर बसून खाणीच्या कडेला सापडलेली विष्ठा बघत होते. पांढरीशुभ्र, हातात घेतली तर खडूसारखी भुगा होणारी. ती तरसाची. तरस हाडं चावून खातं, त्यातला चुना असा बाहेर पडतो. मेलेलं ढोर माळावर टाकायची पद्धत होती तोवर तरसाचं बरं चाललं होतं. हे सगळं मी मामांना समजावत होते आणि ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "हे कुत्रं एवढ्या सरळ रेषेत का चाललंय?"

मी वळेपर्यंत द्राक्षबागेच्या कुंपणाआड काहीतरी गेलं होतं. शेपटी खाली, डोकं पाठीच्या रेषेत, इकडे-तिकडे न हुंगता एका लयीत दुडकी चाल: मामांनी जे वर्णन केलं त्यात शंकेला जागा नव्हती. त्यांच्या आयुष्यातला पहिला लांडगा. मी मात्र तरसाचा खडू हातात धरून उभी.

पाणी

लांडगा ज्या बागेआड गेला त्या बागांबद्दल बोलल्याशिवाय नान्नजबद्दल लिहिणं अपुरं. सोनाका ही बिनबियांच्या द्राक्षाची जात याच गावातली, महाराष्ट्रभर गेलेली. मुरमाड माळावर ठिबक टाकून द्राक्षं पिकवणं सोपं नाही, आणि कष्टाने उभ्या केलेल्या बागेकडे बोट दाखवून "इथे पूर्वी गवत होतं" म्हणणाऱ्या पुणेकरणीला गावात कोणी चहा पाजणार नाही. (मला पाजला. मामांमुळे.)

तरी जे दिसलं ते सांगते. आपण कोरड्या मुलखात प्राणी कमी का, असं विचारतो आणि उत्तर धरून चालतो: पाणी कमी म्हणून. माळावर उलट आहे. काळवीट, खोकड, लांडगा, माळढोक ही कमी पाण्यावर बेतलेली मंडळी, आणि त्यांची जागा गेली ती पाणी आल्यावर. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने आले. उसाबरोबर रानडुक्कर वाढलं, कोल्हा वाढला, आणि जिथे कधी बिबट्या ऐकिवात नव्हता तिथे आता तो उसात पिल्लं घालतो. नावं मोजली तर जिल्ह्यातले सस्तन प्राणी कदाचित वाढलेही असतील. पण आलेले कुठेही भागवणारे, आणि गेलेले इथेच जमणारे.

पाण्याइतकाच झाडांचाही घोळ. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक जमीन दिसली की कोणालाही झाडं लावायची हुक्की येते. अभयारण्यातही गिरिपुष्पाच्या रांगा दिसतात. हा माळ म्हणजे कधीकाळचं तुटलेलं जंगल असं समजून ही लागवड होते. पण जळगाव जिल्ह्यात पाटण्याच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळालेत, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने त्यांचे मणी केलेले. शहामृग जंगलात राहत नाही. म्हणजे दख्खनवर उघडी, कोरडी गवताळ जमीन फार जुनी आहे.

माळढोकाबद्दल थोडक्यात, कारण तो पक्षी आणि हा लेख सस्तनांचा. 1979 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या जवळ. त्यात गावं आली, शेतं आली, लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले आणि एका पाखराबद्दल पिढीभराचा राग साचला. नंतर हद्द सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणली. आता एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते. त्याच्या नावाने राखलेल्या गवताच्या तुकड्यांवर काळविटं मात्र जगली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली आणि काळविटं इतकी वाढली की उगवती ज्वारी आणि हरभरा राखायला शेतकऱ्याला थंडीत रात्र रात्र जागावं लागतं. तिथल्या माणसाशी बोलताना काळवीट किती गोड दिसतं याने सुरुवात करू नका.

उन्हाळ्यात यावं का, असं बरेच जण विचारतात. एप्रिल-मेमध्ये प्राणी पाणवठ्यावर हमखास दिसतात हे खरं. पण पारा बेचाळीसच्या वर असतो, आणि तुम्ही पाणवठ्याजवळ गाडी लावून बसलात की तहानलेला कळप तुमच्या जाण्याची वाट बघत उन्हात उभा राहतो. यायचंच असेल तर लांबून, अर्धा तास, बस. विडी-सिगारेट गाडीतसुद्धा नको, ते गवत एका ठिणगीचं धनी आहे.

तिसरी सकाळ: चिंकारा, परतीच्या वाटेवर

पुण्याला परतताना इंदापूर तालुक्यात कडबनवाडीकडे वळलो. महामार्ग सोडल्यावर रस्ता बारीक होतो, आणि तिथेच हिवराच्या काट्याने चाक बसवलं. स्टेपनीत हवा आहे का ते निघण्यापूर्वी बघा. आमच्यात नव्हती. एका दुधवाल्याने पंप दिला आणि पैसे घेतले नाहीत.

कडबनवाडीच्या लोकांनी आपल्या माळावरचे चिंकारे जपलेत. इथे उघड्या माळात काळवीट शोधतो तसं शोधलंत तर रिकाम्या हाताने परताल. चिंकाऱ्याला चढ-उतार, घळी आणि झुडपं लागतात. तो कळप करत नाही. दोघं, तिघं, फार तर पाच. काळवीट मुख्यतः गवत खातं, चिंकारा पाला, शेंगा, बोरं खुडतो. अंगाने निम्मा, वीस-बावीस किलोचा. खाण्यातल्या ओलीवर आणि पानांवरच्या दवावर तो पाणी न पिता बरेच दिवस काढतो. म्हणूनच सूर्य वर यायच्या आत, पाला ओला असतानाच तो चरताना सापडतो. एकाच पावसाच्या पट्ट्यात दोन हरणं शेजारी राहतात ती अशी: एकाने सपाटी घेतली आणि गवत, दुसऱ्याने चढ घेतला आणि झुडूप. माळ सरसकट सपाट केला, किंवा सरसकट झाडं लावली, तर दोघांपैकी एक जाणार हे ठरलेलं.

पंक्चरमुळे आम्हाला उशीर झाला होता, दव कधीच उडालं होतं. तरी एक मादी दिसली. तरवडाच्या आड उभी, शेपटी सारखी टकटक हलवत. आमच्याकडे बघून नाकातून शिंकल्यासारखा आवाज केला, पुढचा पाय एकदा आपटला आणि घळीत उतरली. दहा सेकंद असतील.

जेवणाचं: माळाजवळ काही मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा आणि दही बांधून नेलं होतं. कडक भाकरी तीन दिवस टिकते, गाडीत आपटली तरी हरकत नाही. पाणी माणशी तीन लिटर. चिमटा आणि फणी. पँट गुळगुळीत कापडाची, रंग मळका. आणि मोजे नायलॉनचे.

मामांना पुण्यापर्यंत यायचं नव्हतं, त्यांना इंदापूर स्टँडवर सोडलं. सोलापूर गाडी लागली. कंडक्टर ओळखीचा निघाला, त्याने पुढे आपल्याजवळ बसायला बोलावलं. मामा म्हणाले, "नको बे, मागं खिडकीत बसतो." माझ्या दुर्बिणीचा पट्टा त्यांच्या गळ्यात तसाच होता. मीही मागितली नाही.